आज्ञा पाळताना भीती दाटून आली तर

रविवारची उपासना संपली की मंडळीत नव्याने आलेल्यांबरोबर मी तासभर बसतो. तिथे एक प्रश्न हमखास निघतो. "भाऊ, मी प्रभूचं ऐकूनच हे केलं. मग आता एवढी भीती का वाटते? माझं चुकलं का?" विचारणाऱ्याने कधी सख्ख्या भावाशी धरलेला अबोला मोडायला फोन लावलेला असतो, कधी कामाच्या ठिकाणी खोट्या कागदावर सही करायला नकार दिलेला असतो, तर कधी आई-वडिलांना आपल्या विश्वासाबद्दल पहिल्यांदा सांगितलेलं असतं. पाऊल टाकेपर्यंत मन शांत असतं. रात्री दिवा मालवला की पोटात गोळा येतो.

हा लेख अशा नव्या विश्वासणाऱ्यांसाठी आहे. यातलं काहीही करायला पवित्र शास्त्राचा मोठा अभ्यास लागत नाही. एक वही, एक पेन आणि मत्तयाचा चौदावा अध्याय जवळ असला की पुरे.

आधी हा प्रसंग सावकाश वाचा

मत्तय १४:२२ ते ३३. पाच हजारांना जेवू घातल्यानंतरची ती संध्याकाळ. येशूने शिष्यांना तारवात बसायला लावलं आणि आपल्यापुढे पलीकडच्या किनाऱ्याला जायला सांगितलं. 'लावलं' हा शब्द अधोरेखित करा. शिष्य हौसेने निघाले नव्हते, त्यांना पाठवलं होतं. तो स्वतः प्रार्थनेसाठी डोंगरावर गेला.

गालीलचा समुद्र म्हणजे खरं तर गोड्या पाण्याचं मोठं सरोवर आहे. लांबी साधारण २१ किलोमीटर, रुंदी १३, आणि पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या दोनशेहून अधिक मीटर खाली. भोवती डोंगर. वरची थंड हवा अचानक खाली उतरते आणि बघता बघता पाणी खवळतं. १९८६ साली या सरोवराच्या काठच्या चिखलात येशूच्या काळातली एक लाकडी होडी सापडली. ती जेमतेम आठ मीटर लांब आणि सव्वादोन मीटरच्या आसपास रुंद आहे. एवढ्याशा होडीत रात्रीच्या वादळात वल्ही मारत बसलेली माणसं डोळ्यांसमोर आणा. येशू पाण्यावरून चालत त्यांच्याकडे आला तो रात्रीच्या चौथ्या प्रहरी, म्हणजे पहाटे तीन ते सहाच्या दरम्यान. संध्याकाळपासून तोवर ते वारा अंगावर घेत होते.

का? तर त्यांनी ऐकलं म्हणून. येशूची आज्ञा मोडून कुणी काठावर राहिला असता, तर त्या रात्री कोरड्या अंथरुणात झोपला असता. भीती वाटली म्हणजे वाट चुकली, असं ज्यांना वाटतं त्यांना मी आधी हे दाखवतो. वादळ आज्ञेच्या वाटेवरच होतं. आणि मार्क ६:४८ मध्ये आणखी एक गोष्ट आहे: वल्ही मारताना त्यांचे किती हाल होताहेत, हे येशूने पाहिलं. त्यांना तो दिसत नव्हता, त्याला ते दिसत होते.

पाऊल १: प्रभूने काय सांगितलं, ते एका ओळीत लिहा

भीती आली की सगळं धूसर होतं. 'मी काहीतरी मोठं करून बसलोय' एवढंच मनात घोळत राहतं. म्हणून वहीत एक ओळ लिहा: प्रभूने मला काय करायला सांगितलं? "लहान्या भावाची क्षमा मागायची." "घेतलेले चार हजार परत करायचे." एवढंच. पुढच्या परिणामांची यादी या ओळीत नको.

शिष्यांपैकी पेत्र येशूकडे पाण्यावरून जायला निघाला. त्याने तारवाबाहेर पाय टाकण्याआधी काय केलं ते पाहा. तूच असशील तर मला यायची आज्ञा दे, असं तो म्हणाला. त्याने आधी शब्द मागितला. येशूने एकच शब्द दिला: "ये." त्या एका शब्दावर तो पाण्यात उतरला. तुमचा 'ये' कोणता, हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे.

इथे थोडं थांबायला हवं, कारण इथेच पुष्कळ नवे लोक फसतात. सत्य बोलणं, क्षमा करणं, चोरलेलं परत देणं, दुबळ्याच्या बाजूने उभं राहणं, आपला विश्वास न लपवणं या गोष्टी शास्त्रात लख्ख आहेत, त्यांच्यासाठी वेगळा संदेश यावा लागत नाही. पण "देवाने मला सांगितलं" म्हणून नोकरी सोडणं, कर्ज काढणं, चालू औषध बंद करणं, घाईने लग्न ठरवणं हे निराळं. अशा वेळी येणारी भीती कधी कधी शहाणपणाची असते. तिला विश्वासाची शत्रू समजून दाबू नका. पाळकांशी, मंडळीतल्या दोन जुन्याजाणत्यांशी बोला आणि थांबा. देवाची आज्ञा आठ दिवसांत शिळी होत नाही. आणि कुणी तुम्हाला आज्ञापालनाच्या नावाखाली पैसे मागत असेल, किंवा घरातली मारहाण मुकाट्याने सोसायला सांगत असेल, तर तो आवाज मेंढपाळाचा, म्हणजे येशूचा, नाही. तिथे 'नाही' म्हणा.

पाऊल २: भीतीला नाव द्या आणि ती जशीच्या तशी देवापुढे ठेवा

वहीत पहिल्या ओळीखाली दुसरी ओळ: मला कशाची भीती वाटते? 'सगळ्याचीच' असं लिहू नका. "जूनमध्ये मुलींची फी भरता येणार नाही, याची." "आई बोलणं टाकेल, याची." "जावेसमोर हसं होईल, याची." नाव दिलं की भीतीचा आकार कळतो. कधी ती वाटली त्याहून लहान निघते, कधी वाटली तेवढीच मोठी असते. दोन्हीकडून फायदाच, कारण मग नेमकी प्रार्थना करता येते.

नव्या विश्वासणाऱ्यांना वाटतं, देवापुढे भीती बोलून दाखवली तर विश्वास कमी पडला असं होईल. त्यांना मी दिमिष्क शहरातल्या हनन्या नावाच्या विश्वासणाऱ्याची गोष्ट सांगतो (प्रेषितांची कृत्ये ९:१०-१९). मला ही गोष्ट फार प्रिय आहे. शौल हा मंडळीचा छळ करणारा माणूस. विश्वासणाऱ्यांना बांधून नेण्याचा अधिकार घेऊन तो शहरात आलेला. आणि प्रभू हनन्याला म्हणतो, ऊठ, अमुक गल्लीत जा, अमुक घरी जा, शौलाला भेट. हनन्या लगेच "होय प्रभू" म्हणून निघत नाही. त्याने त्या माणसाबद्दल काय काय ऐकलंय, ते सगळं तो देवाला सांगतो, जणू देवाला ठाऊकच नाही! देव त्याला रागावत नाही. शौलाला आपण कशासाठी निवडलंय ते सांगतो आणि पुन्हा म्हणतो, जा. मग हनन्या जातो. त्या घरात शिरून, ज्याच्या भीतीने काही वेळापूर्वी जीव दडपला होता त्याच्या अंगावर हात ठेवून त्याचे पहिले शब्द असतात, "शौल भाऊ".

'भाऊ' म्हणण्याइतकं धैर्य त्याला कुठून आलं? भीती आधी योग्य ठिकाणी बोलून झाली होती, म्हणून आलं असं मला वाटतं. तीच भीती आपण शेजाऱ्यांपाशी, नातेवाइकांच्या ग्रुपवर, चहाच्या टपरीवर दहा वेळा बोलतो, आणि प्रत्येक वेळी ती थोडी वाढवूनच परत घरी आणतो.

पाऊल ३: एक छोटी प्रार्थना पाठ ठेवा

भीतीच्या लाटेत लांब प्रार्थना सुचत नाही. छाती धडधडत असताना शब्द जुळवायचे कुठून? पेत्र पाण्यावर चालला आणि मग वाऱ्याकडे पाहून घाबरला. पेत्र मुळात कोळी होता. हेच पाणी त्याचं रोजचं, आणि योहान २१ मध्ये तो तारवातून समुद्रात उडी टाकतो, म्हणजे पाण्याला बिचकणारा माणूस नव्हे. तरी घाबरला, बुडू लागला आणि ओरडला: प्रभू, मला वाचव. तीन-चार शब्द. त्यात स्तुती नाही, प्रस्तावना नाही, पापकबुलीही नाही. आणि शास्त्र म्हणतं की येशूने 'लगेच' हात पुढे करून त्याला धरलं.

तू संशय का धरलास, हा प्रश्न येशूने विचारला तो हात धरल्यानंतर. आधी धरलं, मग विचारलं. इथे 'संशय' म्हणून जो मूळ ग्रीक शब्द आहे, त्यात दोन दिशांना ओढलं जाण्याचा भाव आहे. आपल्याकडचा 'द्विधा' शब्द त्याच्या अगदी जवळ जातो. पेत्राचा एक डोळा येशूवर होता आणि एक वाऱ्यावर. माझी अवस्था पुष्कळदा तशीच असते.

तर एक छोटी प्रार्थना ठरवा. पेत्राची घ्या, किंवा स्तोत्र ५६:३ आपल्या शब्दांत घ्या: भीती वाटते तेव्हा मी तुझ्यावर भरवसा ठेवतो. हे स्तोत्र दाविदाच्या गथमधल्या दिवसांशी जोडलेलं आहे. तो तिथे आपल्या शत्रूंच्या, पलिष्ट्यांच्या हाती सापडला होता आणि जीव वाचवायला त्याने वेड लागल्याचं सोंग घेतलं होतं (१ शमुवेल २१). 'मी कधीच भीत नाही' असं म्हणायची त्याची स्थितीच नव्हती. म्हणून तर तो 'भीती वाटते तेव्हा' म्हणतो.

ही प्रार्थना आता, शांत असताना, पाठ करा. भांडी घासताना, बसस्टॉपवर, जिना चढताना म्हणा. श्वास आत घेताना अर्धी, सोडताना अर्धी. रात्री दोन वाजता जाग आली की ती आपोआप ओठांवर येते, शोधावी लागत नाही.

पाऊल ४: जेवा, झोपा, एकटे राहू नका

हे फार अध्यात्मिक वाटत नाही म्हणून लोक सोडून देतात. पण एलीया संदेष्ट्याचं काय झालं ते वाचा (१ राजे १९). कर्मेल डोंगरावर सगळ्या लोकांसमोर देवासाठी उभा राहिलेला माणूस, ईजबेल राणीचा जिवे मारण्याच्या धमकीचा एक निरोप आला आणि पळत सुटला. बैर-शेब्यात त्याने आपल्या सेवकाला मागे ठेवलं आणि एकटाच एक दिवसाची वाट चालून रानात गेला. झुडपाखाली बसला आणि म्हणाला, देवा, आता पुरे, माझा जीव घे.

देवाने तिथे त्याला उपदेश केला नाही. एलीया झोपला. दूताने त्याला स्पर्श करून उठवलं: ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई. तो खाऊन-पिऊन पुन्हा झोपला. पुन्हा उठवलं, पुन्हा खायला दिलं, वाट लांब आहे म्हणून. देवाशी त्याचं बोलणं झालं ते त्यानंतर, होरेब डोंगरावर.

म्हणून भीतीच्या आठवड्यात उपाशीपोटी रात्र-रात्र प्रार्थना करत बसू नका. भाकरी खा, वेळेवर आडवे व्हा. आणि मंडळीतल्या एका विश्वासू माणसाला सांगा की अमुक दिवसापर्यंत मला रोज एक फोन करा. वीस जणांना सांगायची गरज नाही, एक पुरे. जी माणसं "तुझा विश्वासच कमी" म्हणतात त्यांना या कामासाठी निवडू नका.

धडधड, घाम, झोप उडणं हे काही आठवडे तसंच राहिलं, किंवा जगणं नकोसं वाटू लागलं, तर डॉक्टरांकडे जा. त्याच दिवशी जा. डॉक्टरांकडे गेल्याने देवावरचा भरवसा उणावत नाही. एलीयाला भाकर पाठवणाऱ्या देवाला गोळीचंही वावडं नाही.

पाऊल ५: पुढचं एकच पाऊल टाका, कापत कापत का होईना

भीती पूर्ण जाईल आणि मग आज्ञा पाळीन, असं ठरवलं तर आयुष्य निघून जाईल. शास्ते ६ मध्ये गिदोनाला देवाने सांगितलं की बापाची बआल या परक्या दैवताची वेदी मोडून टाक. तो घरच्यांना आणि गावकऱ्यांना घाबरला, म्हणून त्याने ते काम रात्री केलं, दहा चाकर सोबत घेऊन. वचनात हे स्पष्ट लिहिलंय, झाकलेलं नाही. पण वेदी मोडली गेली! देवाने त्याला 'दिवसा का नाही केलंस' असं विचारल्याचं कुठे लिहिलेलं नाही.

म्हणून पावलाचे तुकडे करा. भावाची क्षमा मागायचीय? आज फक्त त्याचा नंबर शोधून ठेवा. उद्या दोन ओळींचा निरोप. भेट पुढच्या आठवड्यात. घरच्यांना सांगायचंय? सगळ्यांना एकत्र बसवून जाहीर करण्यापेक्षा, जी व्यक्ती तुमचं ऐकून घेते तिला आधी सांगा, मग थांबा. आपल्या मराठी मंडळ्यांना ही वाट नवी नाही. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्या वाटेवर नव्हत्या. त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला १९०० साली. मधली वर्षं दोघांनाही जड गेली. घरच्यांची मनं तुमच्या घाईने वळत नाहीत, तुमच्या वागण्याने वळली तर वळतात. म्हणून आईच्या औषधाची वेळ चुकवू नका आणि वडिलांचा शब्द मोडावा लागला तरी आवाज चढवू नका.

आणखी एक नाव इथे घेतो. पंडिता रमाबाईंनी तरुणपणी दुष्काळात वडील, आई आणि मोठी बहीण गमावली होती. भूक काय असते ते त्यांनी अंगावर काढलं होतं. वीसेक वर्षांनी, १८९६-९७ मध्ये, मध्य प्रांतात दुष्काळ पडला. दुष्काळाच्या नुसत्या नावानेही जिच्या जुन्या जखमा उघड्या पडाव्यात अशी ही बाई स्वतः तिकडे गेली, उपाशी मुलींना आणि विधवांना घेऊन आली, आणि दौंडजवळच्या केडगावात त्यांना आसरा दिला. तिथे उभं राहिलेलं मुक्ती मिशनचं काम अजून चालू आहे. आपण कुणी रमाबाई नाही. पण ज्या गोष्टीने पूर्वी दुखावलं, नेमक्या तिथेच देव परत पाठवतो असं दिसलं तर दचकू नका.

पेत्राबद्दल एक राहिलं. येशूने त्याला धरलं (१४:३१) तेव्हा वारा थांबलेला नव्हता. वारा थांबला तो दोघं तारवात चढल्यावर (१४:३२). म्हणजे परतीची ती काही पावलं पेत्र त्याच वाऱ्यात, त्याच लाटांवर गेला, फक्त आता हात धरलेला होता. या दोन वचनांच्या मधल्या रिकाम्या जागेवर मी वर्गात नेहमी थोडा वेळ गप्प बसतो.

धोका खरा असेल तेव्हा

प्रत्येक भीती मनाची नसते. कुणी जिवावर उठलं असेल, घरात हात उगारला जात असेल, तर तिथून बाहेर पडा. येशूने स्वतः शिष्यांना सांगितलं होतं की एका गावात छळ झाला तर दुसऱ्या गावी पळा (मत्तय १०:२३). पौलाला, म्हणजे त्याच शौलाला, दिमिष्काच्या भिंतीवरून टोपलीत बसवून रात्री खाली सोडलं गेलं. पुढे करिंथात प्रभूने त्यालाच सांगितलं, भिऊ नको, बोलत राहा, आणि तो दीड वर्ष तिथे राहिला (प्रेषितांची कृत्ये १८:९-११). एका शहरातून निघाला, दुसऱ्या शहरात थांबला, आणि दोन्ही वेळा तो आज्ञेतच होता. कुठे थांबायचं आणि कुठून निघायचं हे एकट्याने ठरवू नका. पाळकांना सांगा, गरज असेल तर वकिलांना आणि पोलिसांनाही.

पाऊल ६: काय घडलं ते तारखेसह लिहून ठेवा

माझ्या बाप्तिस्म्याला आठ महिने झाले होते. एका ठेकेदाराच्या कार्यालयात हिशेब लिहायचो. खडीच्या तीन गाड्या आल्याच नव्हत्या, पण बिल आलं होतं, आणि ते मी चढवावं असं मला सांगण्यात आलं. मी बिल परत दिलं. पुढचे एकोणीस दिवस कुणी काही बोललं नाही, आणि ते न बोलणंच सर्वांत कठीण होतं. रोज सकाळी जिना चढताना पाय जड व्हायचे. एकोणिसाव्या दिवशी मला साइटवरच्या गोदामात पाठवलं. दोन बस बदलून जावं लागायचं. पगार चालू राहिला, मुलींची फी उशिरा का होईना भरली गेली. त्या गोदामात मी दोन वर्षं काढली.

हे सगळं वहीत आहे. नंतर अशी वेळ पुन्हा आली, आणि येतेच, तेव्हा मी ती वही काढून वाचली. तुमचीही वही करा. मोठी साक्ष लिहायची गरज नाही. तारीख, आज्ञेची ओळ, भीतीची ओळ, आणि त्या दिवशी तुम्ही काय केलंत. काय निष्पन्न झालं त्यासाठी खाली जागा कोरी सोडा, ती कधी महिन्याने भरेल, कधी वर्षांनी.

माझ्या वहीत त्या जूनच्या पानावर शेवटी लिहिलंय: "बिल परत दिलं. हात थरथरत होते. घरी येऊन भाकरी खाल्ली आणि झोपलो."